मोजदाद

जेल रोडवरून निघालो तेव्हा पाच वाजले होते.
काचेवर दव, वायपर एकदाच फिरून अडकला.
बाबांच्या गळ्यात खैरनार सरांची दुर्बीण,
सोमवारी परत द्यायच्या बोलीवर.
मागे आई, लिंबू, लवंगा
आणि पिंपळगावच्या मामाने दिलेली द्राक्षांची पेटी,
तिला मी सीटबेल्ट लावला होता.

नाव निवृत्ती. प्रेसमधून निवृत्त होऊन आठ महिने.
निरोपाच्या दिवशी यावर सगळे हसले,
बाबासुद्धा, जरा उशिराने.
चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या.
अजून वर्तमानपत्राचं पान उलटताना
अंगठा आपोआप जिभेकडे जातो.
आता पाखरं मोजतात.
कुणी लावून दिलं हे, कोण जाणे.

सातपूर, महिरावणी, अंजनेरी.
"थांबव, थांबव."
कड्यावर गिधाडं, खांदे वर काढून,
ऊन यायच्या बोलीवर बसलेली.
बाबांनी वहीत लिहिलं, पाच.
आई म्हणाली, "एक उडालं की. चार लिहा."
"होतं ना पण?
होतं ते धरायचं."

तोरंगणच्या घाटात आईने डोळे मिटले,
लवंग या गालातून त्या गालात.
खाली दरीभर धुकं,
आणि वर विजेच्या तारेवर वेडे राघू,
खेटून बसलेले सगळे,
मधे एकाची जागा सोडून.
मोखाड्याला चहा. बाबांनी चार सांगितले.
तिघंच होतो.
चौथ्यावर साय धरली.
पोराने ग्लास उचलताना विचारलं,
"येणारेत का कुणी?"
आई म्हणाली, "घे तू."

जव्हार. विक्रमगड. कासा.
एका वळणावर थंडी गाडीतून उतरली
आणि आम्ही स्वेटर काढले.
कोतवाल तीन, खंड्या एक, चाष एक,
बगळे म्हशींसकट अकरा
(हे मी म्हणाले, बाबा हसले नाहीत).

बोर्डीच्या रिसॉर्टमध्ये सिमेंटचा डॉल्फिन,
चोच तुटलेला, पाणी तिथूनच गळत होतं.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "माणसं किती?"
मी पटकन सांगितलं.
"जेवण साडेनऊपर्यंतच हं."

समुद्र इतका मागे गेलेला
की आईने सुरूखालूनच विचारलं, "हाच का तो?"
आणि परत जाऊन नळाखाली द्राक्षं धुवायला बसली.

मग चिखल्यांचा थवा.
कुणी गड्डी फर्रकन फिरवावी तसा वळला,
एकदा मातकट, एकदा पांढरा,
आणि ओल्या वाळूवर उतरून विखुरला.
बाबांनी अंगठा ओला केला.
एकशे बारा.
मग एकशे अकरा.
पुन्हा एकशे अकरा.

प्रेसमध्ये एक नोट कमी भरली
की गेट उघडत नसे.
माझं बारसं बाबांशिवाय झालं
ते असल्याच एका नोटेपायी,
पहाटे मशीनखाली सापडली ती,
तोवर माझं नाव आत्याने ठेवून टाकलं होतं.
म्हणून मी मुकाट उभी राहिले.
उजेड गेला. भरती सपातांपर्यंत आली.
दुर्बिणीत आता नुसता अंधार असणार,
तरी ओठ हलत होते.

"बाबा, गेट उघडा आता."
ऐकलं की नाही, कळलं नाही.
पाणी घोट्यांवर चढलं तेव्हा
त्यांनी वही मिटली,
पेन आतच राहिलं.
जेवणाला पोचलो तेव्हा फक्त भात उरला होता
आणि कुणीच न घेतलेली कोबीची भाजी.

परतीला द्राक्षांच्या पेटीत चिकू, बेल्ट तोच.
मोखाड्याला थांबलो.
बाबांनी बोटं वर केली, एक दुमडलं,
मग पुन्हा उघडलं.

सोमवारी खैरनार सरांनी दुर्बिणीचं टोपण काढलं,
टेबलावर थोडी वाळू सांडली.
"काय, किती दिसले?"
बाबा वाळू तळहातावर गोळा करत होते,
टाकायला जागा बघत.
"होते," म्हणाले. "बरेच होते."